राणी पुण्याला आली नव्हती

आमच्या घरात व्हिक्टोरिया राणी पुण्याला येऊन गेलेली होती. त्यात कुणाला शंका नव्हती. ती आली, रेसकोर्सपलीकडच्या बागेत बग्गीतून उतरली, एका साहेबाने तिला गुलाबाचं फूल दिलं, तिने ते हुंगलं आणि या बागेला माझं नाव द्या म्हणाली. म्हणून ती एम्प्रेस गार्डन. ही हकिगत आजोबांनी त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली. पणजोबा कॅम्पात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते, तेव्हा त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला असणार? आजोबा दर खेपेला थोडी भर घालत. कधी फूल लाल असे, कधी पिवळं. राणी मराठीत बोलली का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अशा लोकांजवळ दुभाष्या असतो रे."

राणी व्हिक्टोरिया उभ्या आयुष्यात हिंदुस्थानात आली नाही. १८७६ साली पार्लमेंटने तिला सम्राज्ञी हा किताब दिला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून लॉर्ड लिटनने तो जाहीर केला. त्या दरबारालासुद्धा ती नव्हती. पुण्यातल्या बागेला नाव मिळालं ते त्या किताबावरून. त्याआधी तिला सोल्जर्स गार्डन म्हणत. छावण्यांमधून गोऱ्या पलटणींसाठी अशा बागा ठेवलेल्या असत. शिपायाचा रिकामा वेळ कलालाच्या दुकानाऐवजी वाफ्यात जावा, ताटात ताजी भाजी पडावी, एवढाच त्यामागचा हिशेब. म्हणजे आजोबांच्या राणीच्या बागेत मुळात नवलकोल आणि मुळे असण्याची शक्यता गुलाबांपेक्षा जास्त.

आज ती बाग ३९ एकरांची आहे आणि ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ती सांभाळते. एवढं लांब नाव आमच्या घरात कुणी कधी पूर्ण उच्चारलं नाही. आजोबांसाठी ती नुसती 'सोसायटी'. पुढे आम्ही वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा 'सोसायटीची मीटिंग आहे' या वाक्याने घरात बरेच दिवस गोंधळ उडे. एक सोसायटी पाण्याच्या टाकीवरून भांडायची, दुसरी डेलियाच्या व्यासावरून. आजोबा दुसरीकडे आवडीने जात.

ही दुसरी सोसायटी तिच्या पुण्यातल्या बागेहून जुनी, आणि ती मूळची पुण्याची नव्हेच. स्थापना मुंबईची, १८३० सालची, सर जॉन मालकम गव्हर्नर असतानाची. दहा वर्षं आधी कलकत्त्यात विल्यम केरीने अशीच संस्था काढली होती. केरी आपल्याला माहीत आहे तो १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा पाद्री म्हणून, पण तो झाडांचाही वेडा होता आणि श्रीरामपूरला त्याने मोठी बाग केली होती. मालकमला तेच वेड होतं की वेडाचा उपयोग कळत होता, हे ठरवणं अवघड आहे. महाबळेश्वर वसवलं त्याने, तिथल्या पेठेला नाव पडलं मालकमपेठ. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पतीबाग उभी राहिली तीही त्याच्याच काळात. साहेब लोकांना फुलं आवडत, पण कंपनीला महसूल आवडे, त्यामुळे या सगळ्या बागांतून शोभेच्या झाडांइतकीच कापूस, ऊस, कॉफी, रेशमासाठी तुती यांची चौकशी चाले. कुठलं बी कुठल्या मातीत धरतं, हे एकदा कळलं की पुढचं सारा ठरवणाऱ्यांचं काम.

दापोडीच्या बागेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १८३८पासून तिथे डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा अधिकारी होता. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने एका देशी चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं एडिंबरोच्या वनस्पतीबागेत जपलेली आहेत. पानांवरच्या शिरा मोजून घ्याव्यात इतकी नेमकी. गिब्सनचं नाव झाडांच्या शास्त्रीय नावांत शिरलं. चित्रकाराचं नाव कुठे नाही. ही तक्रार मी इथेच सोडतो, कारण ती पुढे पुन्हा यायची आहे.

महाबळेश्वरच्या बटाट्याची कथा आमच्या घरात वेगळ्या वाटेने आलेली. पणजी त्यांना 'कैद्यांचे बटाटे' म्हणायची. मला वाटे, हा तिच्या सोवळ्याचा काहीतरी प्रकार असणार. पण तिच्या म्हणण्याला आधार आहे. इंग्रजांनी सिंगापूर-मलाक्काकडच्या वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते. त्यांनी तिथले रस्ते केले, बागा केल्या, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. १८६०च्या दशकात तो तुरुंग बंद झाला, पण भाज्या राहिल्या. पणजीला चीन कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, आणि तरीही तिच्याकडे ही माहिती पोचली होती, कुणा भाजीवालीकडून, वाईच्या एखाद्या नातलगाकडून, देव जाणे. गंमत अशी की तो बटाटा तिला एकादशीला चाले. फ्लॉवर मात्र आयुष्यात सोवळ्याच्या चुलीवर चढला नाही, गाजर चढलं नाही, टोमॅटो तर त्याच्या रंगामुळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. बटाटाही त्यांच्यासारखाच परदेशातून आला, हे तिला सांगायचं धाडस घरात कुणी केलं नाही. आजोबांनी एकदा कारण विचारलं होतं म्हणे. उत्तर आलं, "चालत नाही म्हणजे चालत नाही."

सोसायटीच्या कागदोपत्री इतिहासातला माझा आवडता माणूस टपालखात्यातला आहे. जॉन ग्रॅहॅम, मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. दिवसा टपाल बघायचा आणि उरलेल्या वेळात सोसायटीच्या बागेची देखरेख. त्याने मुंबई आणि आसपासच्या झाडांची एक यादी केली: रानात आपसूक उगवणारी कोणती, लावलेली कोणती, बाहेरून आणलेली कोणती. १८३९ साली ही यादी छापून होत असतानाच तो खंडाळ्याला वारला, आणि उरलेलं काम त्याचा मित्र जोसेफ निमो याने पुरं केलं. कारकुनांच्या घरात वाढल्यामुळे असेल, मला या यादीबद्दल फार जिव्हाळा वाटतो. कुठलंही मोठं तत्त्वज्ञान न सांगता, काय आहे आणि कुठून आलं एवढंच टिपून ठेवणारी माणसं मला भरवशाची वाटतात.

आजोबांकडेही अशी एक वही होती. हिशेबखात्यातलीच, लाल कापडी पाठीची, कचेरीतून निवृत्त होताना तिने बहुधा त्यांच्याबरोबर निवृत्ती घेतली असावी. तिच्यात डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमा: पिवळा गुलाब, दोन डोळे, पलीकडच्या वाड्यातून. नावे: मोगऱ्याची गुटी एक, ताईच्या सासरी. जमा: शेवंतीचे सोट, एम्प्रेसच्या मामांकडून. नावे: जास्वंद दुहेरी, शाळेच्या हेडमास्तरांना, परत अपेक्षित नाही. पैशाचा उल्लेख वहीत कुठेही नाही. बागायतीच्या संस्थेचा इतिहास लिहायचा झाला तर तो अशाच वहीत लिहावा लागेल, कारण इमारती, अध्यक्ष आणि ठराव यांच्यापेक्षा या संस्था जगल्या त्या असल्या देवघेवीवर.

सोसायटीची पहिली मोठी बाग मुंबईला शिवडीत होती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भारतात तो पहिल्यांदा दिसला १८४० साली, शिवडीत, अशी नोंद आपल्याकडच्या वृक्षांच्या पुस्तकांतून येते. परदेशी रोपं मागवणारी संस्था शिवडीत आणि परदेशी झाडही शिवडीत, तेव्हा जोड लावायला फार अक्कल लागत नाही. आज कोणत्याही मराठी गावात एसटी स्टँडमागे गुलमोहर असतो, मे महिन्यात प्रत्येक दुसरी मराठी कविता त्याच्याखाली उभी राहते, आणि तो इथे येऊन अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत हे सांगितलं तर लोक दुखावतात. बागेचं मात्र पुढे वाईट झालं. १८६०च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याला युरोपियनांच्या दफनभूमीसाठी जागा हवी होती, आणि त्याने शिवडीची ती जमीन घेतली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ती हीच.

त्या पहिल्या दशकांतला आणखी एक माणूस आजोबांच्या गोष्टीला जवळचा आहे, जरी आजोबांनी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. फ्रामजी कावसजी बानाजी, पारशी व्यापारी, मालकमच्याच काळात त्याने पवईची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथे ऊस, नीळ, तुती आणि आंबा लावून पाहिला. १८३८ साली त्याने मुंबईचे आंबे आगबोटीने थेट राणी व्हिक्टोरियाला पाठवले. राणी नुकतीच गादीवर आलेली, एकोणीस वर्षांची. सुएझचा कालवा व्हायला अजून एकतीस वर्षं होती. त्या आंब्यांचं वाटेत काय झालं असेल, हे ज्याने मे महिन्यात रत्नागिरीहून मुंबईला पेटी नेली आहे त्याला सांगायला नको. पण मनात येतं, राणी इथे आली नाही तरी इथली फळंफुलं तिच्याकडे नेण्याची हौस इथल्या माणसांना पहिल्यापासून होती. आजोबांच्या गोष्टीतलं गुलाबाचं फूल त्याच हौसेच्या वंशातलं असावं.

शिवडीनंतर भायखळा. १८६२च्या नोव्हेंबरात लेडी फ्रिअरच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्सचं उद्घाटन झालं, आणि मुंबईकरांनी तिची लगेच राणीची बाग करून टाकली. सोसायटीचा सचिव होता डॉ. जॉर्ज बर्डवुड, इलाख्यात पिकणाऱ्या उपयोगी वस्तूंची जंत्री करणारा माणूस. त्याच्या जोडीला डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट. भाऊ दाजींचं झाडांशी नातं शोभेपुरतं नव्हतं. महारोगावर कडू कवठाच्या बियांचं तेल वापरून पाहणारे ते डॉक्टर. बागेशेजारचं म्युझियम १८७२ साली लोकांना खुलं झालं, आणि आज ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखलं जातं. १८७३ साली बाग सोसायटीच्या हातून मुंबई म्युनिसिपालिटीकडे गेली. एक जमीन मेलेल्यांना, दुसरी नगरपालिकेला. सोसायटीने लावायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, हा क्रम तेव्हाच पक्का झालेला दिसतो.

राणीच्या बागेची आमच्या घरातली अधिकारी म्हणजे आत्या. लग्न होऊन ती लालबागला गेली, चाळीच्या दोन खोल्यांत. घरात कुंडीला जागा नाही, म्हणून बाग म्हणजे राणीची बाग. मुलांना वाघ-हत्ती दाखवायला सगळेच जात, आत्या झाडं बघायला जायची. गोरखचिंचेचं लठ्ठ खोड तिने मोजून पाहिलेलं, मुलांना हात धरून भोवती उभं करून. उर्वशीचं झाड फुललं की ती पुण्याला पोस्टकार्ड टाकी. उर्वशी ब्रह्मदेशातली. लोंबत्या, लाल-पिवळ्या मंजिऱ्यांचं इतकं देखणं झाड की वनस्पतीशास्त्रज्ञ वॉलिचने त्याला गव्हर्नर जनरलच्या बायकोचं, लेडी ॲमहर्स्टचं नाव दिलं. आत्याच्या पोस्टकार्डात ना वॉलिच असे, ना ॲमहर्स्ट. 'उर्वशी आली आहे, रविवारी या' एवढंच. पोस्टमनने याचा काय अर्थ लावला असेल ते त्यालाच ठाऊक.

पुढे बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, आणि २००७च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा कायापालट करण्याची मोठी योजना आली. झाडांचं काय होणार म्हणून काही बायका उभ्या राहिल्या, सह्या गोळा झाल्या, लोकांना झाडं दाखवत फेऱ्या निघाल्या. आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढे. सही करायला गेली आणि तिथल्या एका शिकलेल्या मुलीला कुठलं झाड कुठे होतं आणि केव्हा पडलं ते सांगत बसली. माझ्या मते त्या बागेवर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीत आत्यासारख्या बायकांची एक पुरवणी हवी होती. त्यांनी वनस्पतीशास्त्र शिकलेलं नसतं, पण गैरहजर झाडांची हजेरी त्यांच्याकडेच असते.

आता पुण्याकडे. सोसायटीचं नाव मुंबईत मागे पडलं आणि एम्प्रेस गार्डनमध्ये टिकलं. खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकात बांधलं गेलं आणि त्याचा उजवा कालवा रेसकोर्सच्या बाजूने हडपसर-मांजरीकडे निघाला. बागेला पाणी मिळालं. कोरड्या पुण्यात एम्प्रेसमधली ती ओल, तो पाटाचा आवाज, अंगावर येणारी गारंबीची वेल हे सगळं त्या कालव्याच्या आधाराने. गारंबी पाहिली नसेल तर सांगून पटायची नाही. खोडच माणसाच्या मांडीएवढं, झाडाझाडांवरून पिळे घेत गेलेलं, आणि शेंग हाताहून लांब. पूर्वी तिच्या गुळगुळीत बियांनी परीट कपड्यांना चुण्या पाडत. आमच्या घरात एक बी होती, आजी तिच्यावर पातळाच्या चुण्या बसवून पाही आणि मग आम्ही ती खेळायला पळवत असू.

आजोबांचं वर्ष दिवाळीपासून नव्हे, प्रदर्शनापासून सुरू होई. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास सोसायटीचं पुष्पप्रदर्शन. तारीख कळली की ते सहा-सात आठवडे मागे मोजत आणि त्या दिवशी गुलाबाची छाटणी करत. त्या दिवशी घरात लग्न असतं तरी त्यांनी आधी सिकेटर हातात घेतली असती. मग निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, मावा दिसला तर रात्री भिजवलेल्या तंबाखूचं पाणी. शेवंतीच्या आणि डेलियाच्या बाजूच्या कळ्या खुडून एका काडीवर एकच फूल ठेवायचं. आजीला ते बघवत नसे. "एवढ्या कळ्या मारून एक फूल?" ती म्हणे. आजोबांना बक्षीस हवं असे, तिला देवाला फुलं हवी असत, आणि दोघांनी आयुष्यभर एकाच परसात हा वाद घातला. शेवटी परसाची वाटणी झाली. विहिरीकडची बाजू देवाची, भिंतीकडची सोसायटीची.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री टांगा ठरवलेला असे. कुंड्यांभोवती ओलं गोणपाट, फुलांना कागदाच्या पुड्या, वाड्यातली मुलं टांग्यामागे. पेठेच्या टोकापर्यंत पोरांची मिरवणूक जाई, पुढे टांगेवाला हाकलून देई. बक्षिसं मिळत ती बहुतेक दुसरी-तिसरी. पहिलं दरवर्षी कॅम्पातल्या एका पारशी बाईंना मिळे, असं आजोबा सांगत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात जो आदर असे तो त्यांनी साहेबांबद्दलही कधी दाखवला नाही. त्या बाईंच्या बंगल्यावर ते एकदा गेले होते. गुलाबाचे डोळे मागायला. बाईंनी डोळे दिले, चहा दिला आणि 'कागजी लिंबू' असेल तर आणा म्हणून सांगितलं. वहीत ती नोंद आहे. बंड गार्डनजवळचा तो बंगला आता नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. माणसं वाचली, कारण सकाळीच वर पळाली. परस गेलं. भिंतीकडची सोसायटीची बाजू आणि विहिरीकडची देवाची बाजू, दोन्ही एका रंगाच्या गाळात. त्या दिवसाच्या कथा पुण्यात ज्याच्या त्याच्याकडे आहेत, तांब्याच्या हंड्यांच्या, पलंगांच्या, पुलावरून गेलेल्या पाण्याच्या. आजोबा फक्त कुंड्यांबद्दल बोलत. खडकवासलाही फुटल्यामुळे शहरात पाण्याचे हाल होते, प्यायला टँकर, झाडांचं नाव कुठून काढणार? गाळ उपसून झाल्यावर आजोबांनी वही उघडली. ती माळ्यावर होती म्हणून वाचली. आणि उजव्या बाजूने, नावेच्या बाजूने, एकेकाला पत्रं टाकली. पंधरा वर्षांत ज्याला ज्याला काही दिलं होतं त्याच्याकडून काडी मागितली. कोल्हापूरहून मोगरा आला, ताईच्या सासरहून, त्यांचाच दिलेला. हेडमास्तरांनी जास्वंद स्वतः आणून दिली. पिवळा गुलाब एम्प्रेसच्या मामांकडे लावलेला होता, तोही आला. आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले की परत आलेल्यांपैकी एकही मूळच्या तोडीचा नव्हता.

हे मामा म्हणजे बागेतले माळी. आजोबांहून वयाने लहान, तरी सगळे त्यांना मामाच म्हणत. आजोबा त्यांना 'अहो मामा', ते आजोबांना 'रावसाहेब'. डोळा भरण्यात त्यांचा हात असा की चाकूची खूण दुसऱ्या पावसाळ्यात शोधावी लागे. भेट कलम, खुंटी कलम, गुटी, काय हवं ते. प्रदर्शनात ज्या कुंड्यांना बक्षिसं लागत त्यांतल्या निम्म्या मामांच्या नाहीतर मामांसारख्यांच्या हातच्या असत, आणि चिठ्ठीवर नाव असे बंगल्याच्या मालकाचं. आजोबांनी स्वतःच्या हाताने काम केलं म्हणून त्यांच्याबद्दल मामांना थोडी जास्त माया होती, पण चहा ते बाहेरच्या ओट्यावरच घेत आणि कप वेगळा असे. आमच्या घरातल्या गोष्टींतून हा कप नेहमी गाळला जाई. मला तो आत्याने सांगितला.

पुण्यात बागायतीचं शहाणपण साहेबांनी आणलं, ही समजूत सोसायटीच्या इतिहासाने कळत नकळत पसरवली. खरं तर ते पेठांमधल्या आणि नदीकाठच्या माळ्यांकडे आधीच होतं. जोतीराव फुल्यांचं घराणंच घ्या. मूळ आडनाव गोऱ्हे, पेशव्यांना फुलं पुरवायचे म्हणून फुले, आणि त्याबद्दल ३५ एकर इनाम. जोतीरावांनी खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला साहित्य पुरवण्याची कंत्राटं घेतली आणि मांजरीला जमीन करून कालव्याच्या पाण्यावर ऊस नि भाजीपाला काढला. एम्प्रेस गार्डनला जे पाणी, तेच पुढे मांजरीला. एकीकडे साहेबांची बाग, दुसरीकडे त्या साहेबांच्या राज्यात कुणब्याचं काय चाललंय याचा हिशेब मांडणारा जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड'.

आणि इथे आजोबांच्या राणीचा धागा मला सापडल्यासारखा वाटतो. राणीचा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट, १८८६च्या अखेरीपासून १८९०पर्यंत मुंबईच्या फौजेचा सेनापती होता आणि पुण्यात त्याचा मुक्काम असे. १८८८ साली हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्यासाठी मेजवानी दिली. तिथे जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेशात, आणि भर समारंभात म्हणाले की इथे जमलेले दागिने घातलेले लोक म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा खेड्यात आहे, ते आपल्या आईला सांगा. पणजोबा तेव्हा कॅम्पात नोकरीला होते. राणीचा मुलगा, पुणे, कुणीतरी पुढे होऊन काहीतरी दिलं किंवा बोललं, आईला सांगा. यातून आमच्या घरी आलं काय, तर गुलाबाचं फूल. जोतीराव गळाले, असूड गळाला, मुलाच्या जागी आई आली. ब्राह्मण कारकुनाच्या घरात ही गोष्ट ज्या रूपात टिकू शकत होती त्या रूपात ती टिकली. मी हे आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण फूल दिलं असेलच ना कुणीतरी?"

मामांच्या मुलाने बागेतली नोकरी केली नाही. नातवाची हडपसरच्या पुढे नर्सरी आहे. तो रोपं विकतो, आणि मावळातल्या पॉलिहाउसवाल्यांना सल्लाही देतो. तिथले लांब दांड्याचे गुलाब व्हॅलेंटाइनच्या हंगामात परदेशी जातात. त्यांना वास नसतो, हे तो गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सांगून टाकतो. मागच्या प्रदर्शनात त्याचा स्टॉल होता. आत्याला चाकाच्या खुर्चीतून नेली होती. बोन्सायच्या विभागापाशी थांबून तिने वडाकडे पाहिलं आणि झाडाला उपाशी ठेवल्याचं बक्षीस देतात का, असं परीक्षकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं. मग नातवाशी गप्पा झाल्या. आजोबांचा तो पिवळा गुलाब आमच्या भावाकडे बावधनला अजून आहे, हे कळल्यावर तो सावरून बसला. त्याला काड्या हव्यात. मी पावसाळ्यात ये म्हटलं, तर म्हणाला, जूनच्या पहिल्या आठवड्यातच जमेल, नंतर माणसं लागवडीवर जातात आणि डोळे भरायला कुणी हाताशी राहत नाही. त्याआधी एकदा झाड बघून जाईन म्हणाला, बावधनकडे यंदा भुरी फार आहे.